गोळ्या कुठे ठेवता?

ईरा आणि नील,

मागच्या रविवारी ईराने फोनवर मध्येच विचारलं, "आजी, डू यू रिमेंबर द अनियन डॉक्टर?" मी नुसतं "हो गं" म्हणाले आणि तुम्ही दोघं पुढच्या विषयावर गेलात. फोन ठेवल्यावर मात्र दिवसभर मला दुसरं काही सुचेना. म्हणून हे लिहायला बसले आहे. नीलला मराठी वाचायला वेळ लागतो, तर ईराने त्याला वाचून दाखवावं. यात तुमच्या बाबाचाही एक भाग आहे. तो मी त्याला विचारून लिहिते आहे. "लिही आई, काही गाळू नकोस," असं तो म्हणाला.

कांदा कुठून आला, ते आधी सांगते. अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या तुमच्या चँडलरला उन्हाळ्यात दुपारी मोटारीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डॉक्टर पुष्पा वानखडे मूळच्या अकोल्याच्या. त्यांच्याकडे उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायची पद्धत. ऊन लागत नाही म्हणतात. चँडलरमध्ये पंधरा वर्षं मुलांची डॉक्टरकी केल्यावरही मे ते सप्टेंबर त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात एक छोटा लाल कांदा असायचा. मुलं गोळी-चॉकलेटच्या आशेने खिशात हात घालायची आणि हातात कांदा यायचा. ईरा तर एकदा तो घरी घेऊन आली होती.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून विचारलं, "डॉक्टर, याने खरंच काही होतं का?"

"काही नाही होत, मावशी," त्या म्हणाल्या. "हे सायन्स नाही. हा माझा बाप आहे. शाळेत जाताना रोज खिशात घालून द्यायचा."

मी २००३ साली पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे आले, तेव्हाची ही गोष्ट. ईरा पाच वर्षांची होती आणि नील तुमच्या आईच्या पोटात. डॉक्टरांचा दवाखाना एका लांबट, बैठ्या इमारतीत होता. एका बाजूला कपडे ड्रायक्लीन करणारा आणि दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणारं दुकान. पाटीवर इंग्रजी नाव आणि त्याखाली मुलांच्या हाताचे रंगीत ठसे. डॉक्टर ठेंगण्या, रुंद, पन्नाशीच्या. कोटाखाली कायम सुती सलवार कमीज आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बसायच्या नेहमी मुलांच्या बुटक्या स्टुलावर. खुर्ची आईबापांना. "मी खाली बसली की पोट्टं घाबरत नाही," असं त्या म्हणायच्या.

ते "पोट्टं" माझ्या कानाला फार खटकायचं. मी पुण्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. शुद्धलेखनाची लाल शाई रिटायर झाल्यावरही माझ्या बोटांवरून गेली नव्हती. इथे एवढी शिकलेली डॉक्टर मराठी आणि इंग्रजी दोन्ही अकोल्याच्या चालीत बोलते, "काहून रडून राहिली बाप्पा?" असं माझ्या नातीला विचारते, आणि नात रडायची थांबून खुदकन हसते! मला जरा रागच आला होता. नंतर लक्षात आलं की राग त्यांच्या भाषेचा नव्हता, नातीच्या हसण्याचा होता. माझ्या शुद्ध मराठीला ती तसं हसत नसे.

त्यांची एक ठरलेली पद्धत होती. मूल तपासण्याआधी त्या स्टेथोस्कोपचा गोल भाग तळहातावर घासून गरम करायच्या, गार लागू नये म्हणून. आणि तो घासता घासता आईबापांना प्रश्न विचारायच्या. गाडीत मुलाची सीट मागे आहे का? धुराची घंटा वाजते का, शेवटची कधी वाजवून पाहिली? अंगणात पोहायचा तलाव असेल तर फाटकाला कुलूप आहे का? अंथरूण झटकता का, विंचू असतात. कुत्रा आहे का? बंदूक कुठे ठेवता? सगळं एका दमात, एकाच आवाजात. विंचवाला आणि बंदुकीला वेगळा आवाज नाही.

बंदुकीचा प्रश्न ऐकून मी पहिल्या दिवशी दचकलेच होते. तुमची आई मात्र शांतपणे म्हणाली, "नाही डॉक्टर, आमच्याकडे नाही," आणि तिने डॉक्टरांच्या प्रश्नांच्या छापील कागदावर सही केली. ती सही लक्षात ठेवा.

सगळेच असं शांतपणे घेत नसत. एकदा आम्ही बाहेर बसलो असताना आतून एका माणसाचा चढलेला आवाज आला. डोक्यावर टोपी, कमरेला मोठ्या बकलाचा पट्टा, सहा फुटांच्या वरचे आजोबा होते. डेल त्यांचं नाव, नातवाला घेऊन आलेले. "मी काय बाळगतो ते विचारायचा तुम्हाला काय अधिकार?" असं ते इंग्रजीत ओरडत होते. डॉक्टरांचा आवाज वर गेला नाही. त्या म्हणाल्या, "मिस्टर डेल, तुमच्याकडे आहे की नाही हे मी विचारलंच नाही. अॅरिझोनात आहे हे धरूनच चालते. मी एवढंच विचारलं की कुठे ठेवता. मी पोलीस नाही. मी ह्याची डॉक्टर आहे."  मग डेल पुटपुटले, "ट्रकमध्ये. सीटखाली." त्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आणि हा ट्रकमध्ये कुठे बसतो?"

पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा दवाखान्याच्या टेबलावर मोठी पिशवी भरून ग्रेपफ्रूट होती, आपल्या पपनसासारखी, डेल यांच्या अंगणातली. डॉक्टर प्रत्येक पेशंटला एकेक देत होत्या. "नेऊन टाका नं जी, मले आंबट चालत नाही."

त्याच सुमाराला त्यांनी मला कामाला लावलं. चँडलरमध्ये तेव्हा पुण्या-मुंबईची, नागपूरची पुष्कळ तरुण जोडपी आली होती. दोघंही ऑफिसला, आणि घरी नातवंडांजवळ भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजीआजोबा. डॉक्टरांचा प्रश्नांचा कागद इंग्रजीत. आई ऑफिसातून धावत येऊन तो भरायची आणि दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या आजीला त्यातलं अक्षरही माहीत नसायचं. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मास्तरीण. एवढा कागद मराठीत करून द्या."

मला भलताच आनंद झाला. तीन दिवस बसून, सुवाच्य अक्षरात अकरा प्रश्न लिहून नेले. दहावा प्रश्न होता: "आपल्या निवासस्थानी अग्निशस्त्र आहे काय?"

डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला आणि कागद खाली ठेवून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "मावशी, हे कोर्टाचं समन्स आहे का? अग्निशस्त्र म्हणजे लोकांना दिवाळीतले बाण वाटतील!"

मी जरा फणकाऱ्यानेच "अग्नि" खोडून नुसतं "शस्त्र" ठेवलं आणि "निवासस्थानी" ऐवजी "घरात" लिहिलं. आठवड्याने एका आजीबाईंचा भरलेला कागद आला. त्यांनी लिहिलं होतं, "होय. सात." डॉक्टरांनी घाबरून त्यांच्या घरी फोन लावला. तुम्हाला माहीत असेल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण शस्त्रांची पूजा करतो, आणि ज्याच्या हाती जे काम, ते त्याचं शस्त्र. आजीबाईंनी फोनवर यादी सांगितली: विळी, दोन सुऱ्या, अडकित्ता, स्क्रूड्रायव्हर आणि सून-मुलाचे दोन लॅपटॉप. "गेल्या नवमीला सगळ्यांना हळदकुंकू वाहिलंय," म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला समोर बसवलं. "मावशी, दोन गोष्टी. एक, बंदुकीला बंदूकच म्हणा. दुसरी, 'आहे का' असं विचारूच नका. आहे का म्हटलं की आपली माणसं नाही म्हणतात, लाजेने का होईना. 'कुठे' विचारा. कुठे म्हटलं की माणूस डोळ्यापुढे घर आणतो."

आता सांगायला हरकत नाही, मला हे पटलं नव्हतं. ज्याच्या घरी वस्तूच नाही त्याला ती कुठे ठेवता असं विचारणं म्हणजे प्रश्न चुकीचा काढणं. पण त्यांचा कागद, त्यांचं म्हणणं. मी पुन्हा लिहायला घेतला. सगळे प्रश्न "कुठे"चे केले. औषधांच्या प्रश्नाशी आले तेव्हा जागा कमी होती म्हणून "औषधाच्या" गाळलं आणि नुसतं लिहिलं, "गोळ्या कुठे ठेवता?"

त्या वर्षी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या जेवणात यावरून वाद झाला होता. एक गृहस्थ बासुंदीची वाटी हातात धरून म्हणाले, "यांना काय करायचंय? डॉक्टरने ताप बघावा, लस द्यावी. उद्या विचारतील, घरात भांडता का!" डॉक्टर शेजारच्या टेबलावर पुरणपोळी खात होत्या. त्यांनी मान वळवून सांगितलं, "विचारते नं मी ते पण. तुमच्या बायकोला विचारलंय." सगळे हसले, ते गृहस्थही. पण तुमचा बाबा हसला नाही. घरी येताना गाडीत म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे यार. प्रत्येकाची काही प्रायव्हसी असते." तुमची आई म्हणाली, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" तो गाडी चालवत राहिला.

आता तो रविवार. सकाळचे दहा वाजले असतील. पोहे झाले होते. ईरा मागच्या अंगणात खडूने फरशीवर घर काढत होती. मी म्हटलं, कागद छापायला देण्याआधी एकदा वाचून बघते, ऐकणाऱ्याला कळतो की नाही. शाळेतही मी प्रश्नपत्रिका आधी कोणाला तरी वाचून दाखवायचे. दोघांना सांगितलं, "थांबायचं नाही, विचार करायचा नाही, पटापट उत्तरं द्यायची."

"तलावाची किल्ली कुठे ठेवता?"

"आई, आपल्याकडे तलाव नाही," बाबा पोहे खाता खाता म्हणाला.

"ठीक. पुढचा. फिनेल, ब्लीच कुठे ठेवता?"

"सिंकखाली. दाराला ते प्लॅस्टिकचं लॉक लावलंय," आई म्हणाली.

"काड्यापेटी कुठे ठेवता?"

"देवांच्या मागे."

"गोळ्या कुठे ठेवता?"

"त्या वेगळ्या ठेवल्यात," बाबा म्हणाला. "ड्रॉवरमध्ये."

तुमची आई चहा गाळत होती. ती म्हणाली, "ड्रॉवरमध्ये कुठे? तापाच्या, डोकेदुखीच्या सगळ्या फ्रिजवर आहेत." मग तिचा हात थांबला. तिने मागे वळून विचारलं, "वेगळ्या म्हणजे? कशापासून वेगळ्या?"

बाबाचा चमचा बशीतच राहिला. मी त्याची आई, मला त्याचा चेहरा वाचायला वेळ लागला नाही. इयत्ता चौथीत काच फोडून आला होता तेव्हा हाच चेहरा होता.

त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतर, पेट्रोल भरताना एका माणसाने त्याच्या अंगावर येऊन घाणेरड्या शिव्या दिल्या होत्या, आपल्या देशात जा म्हणून, आणि गाडीवर लाथ मारली होती. ईरा मागच्या सीटवर झोपलेली होती. ग्रीन कार्ड हातात होतं, म्हणजे बंदूक घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. महिन्याभराने त्याने बंदूक घेतली. तुमच्या आईला सांगितलं असतं तर ती घाबरली असती, म्हणून सांगितलं नाही. आधी ऑफिसच्या बॅगेत, मग गॅरेजमध्ये, आणि मी आल्यापासून माझ्या निळ्या सूटकेसमध्ये, क्लॉझेटच्या वरच्या फळीवर. मी परत निघेपर्यंत ती बॅग कोणी उघडणार नाही, असा त्याचा हिशोब. जास्तीच्या गोळ्या वेगळ्या, ड्रॉवरमध्ये. पण बंदूक भरलेलीच. "रिकामी असून काय उपयोग?" असं तो म्हणाला.

मला गुरुवार आठवला. गुरुवारी दुपारी ईराने माझ्यामागे धोशा लावला होता. तिला "एअरपोर्ट-एअरपोर्ट" खेळायचं होतं आणि त्यासाठी आजीची खरी निळी बॅग पाहिजे होती. मी शिडी आणायचा कंटाळा केला आणि म्हणाले, "उद्या काढू." शुक्रवारी ती विसरली.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा तुमचा बाबा उठला, मागच्या दाराशी गेला आणि काचेतून ईराकडे पाहत उभा राहिला. तुमची आई ओरडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. सही केली. मी खोटी सही केली का रे?"

सोमवारी दुपारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तोवर त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या आईजवळ. डॉक्टरांनी ईराला आणायचं नाही असं फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं होतं, आता चांगली खरडपट्टी निघणार. निघावी असंही वाटत होतं.

बाबा उभाच होता. डॉक्टर बुटक्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बस सुहास. भीती वाटली होती?"

त्याने होय म्हणून मान हलवली.

"मलेही वाटली होती. सहा महिने मी पेट्रोल नवऱ्याकडून भरून घेतलं. तो बिचारा माझ्यापेक्षा भित्रा." बाबा हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी ते न पाहिल्यासारखं केलं. त्या स्टेथोस्कोप तळहातावर घासत बसल्या. तपासायला समोर मूल नव्हतं तरी.

"ठेवायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. ते माझं काम नाही," त्या म्हणाल्या. "पण भरलेली आहे ती आज रिकामी होईल, आणि आजच कुलपात जाईल. तुला नीट येतं का ते?"

"फारसं नाही," बाबा म्हणाला. "दुकानात दाखवलं होतं एकदा."

डॉक्टरांनी फोन उचलला आणि कोणाला लावला असेल? डेलना. तासाभरात ते ट्रक घेऊन आपल्या घरी आले. टोपी काढून मला "मॅम" म्हणाले. बाबाला त्यांनी गॅरेजमध्ये उभं करून बंदूक रिकामी कशी करायची, तिच्यातून सायकलीच्या साखळीसारखं तारेचं कुलूप कसं ओवायचं, ते तीनदा करून दाखवलं आणि चौथ्यांदा त्याच्याकडून करून घेतलं. मी शिक्षिका, मला त्यांची शिकवायची पद्धत आवडली. जाताना म्हणाले, माझ्या ट्रकमध्येही आता पेटी बसवलीय, त्या बाईने पिच्छाच सोडला नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना बाबाने डॉक्टरांना विचारलं होतं, "तुम्ही हे खरंच सगळ्यांना विचारता?"

डॉक्टरांच्या टेबलामागे भिंतभर मुलांचे फोटो होते, नाताळात लोक पाठवतात तसले. त्यांनी कोपऱ्यातल्या एका मुलीच्या फोटोवर बोट ठेवलं. बारा-तेरा वर्षांची, दात पुढे, हसरी. "हिचे कान मी तीन वर्षं तपासले. दर महिन्याला कान. तिच्या बापाच्या कपाटात काय आहे ते विचारायचं सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "आता ती डाव्या हाताने लिहिते. छान लिहिते हं. दर नाताळात पत्र असतं. तेव्हापासून विचारते."

 

दोन दिवसांनी मी कागद दुरुस्त करून नेला. माझी चूक मला झोपू देत नव्हती. "गोळ्या कुठे ठेवता?" हा प्रश्न संदिग्ध होता. आम्ही शाळेत असल्या प्रश्नाचे मार्क मुलींना देऊन टाकायचो. मी नीट लिहिलं होतं, "औषधाच्या गोळ्या कुठे ठेवता?"

डॉक्टरांनी पेन काढलं आणि "औषधाच्या" हा शब्द खोडला.

"मावशी, ही चूक मले पाहिजे."

"अहो, पण दोन अर्थ होतात!"

"म्हणून तर पाहिजे. माझ्या इंग्रजीत हे जमत नाही. पिल्स वेगळ्या, बुलेट्स वेगळ्या. हे फक्त आपल्या मराठीत होते. तुमच्या सुहासने बंदुकीच्या प्रश्नाला खोटं उत्तर तयार ठेवलं असतं. ह्या प्रश्नाला ठेवायचं सुचलं नाही."

एकतीस वर्षांत मी कोणाची चूक अशी मुद्दाम राहू दिली नव्हती. पण कागद तसाच छापला गेला, माझ्या अक्षरात, त्या खोडलेल्या शब्दाविना. काही महिन्यांनी पुण्याला त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "मावशी, एक गंमत सापडली. ज्याच्या घरी नसते तो लगेच सांगतो, फ्रिजवर, पर्समध्ये. ज्याच्या घरी असते तो आधी मलाच विचारतो, 'कुठल्या?'"

आईबाबांत काही दिवस अबोला होता. तुम्ही आता मोठे आहात, म्हणून सांगते. डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावून आणखी एक काम दिलं. ईरा ज्यांच्या घरी खेळायला जाते, त्या सगळ्या घरी फोन करून विचारायचं. आईला ते जमेना. "कसं विचारायचं? ते काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाल्या, "म्हणतील, तिजोरीत आहे. मग तू म्हण थँक यू. आता माझ्यापुढे म्हणून दाखव. समज मी ईराच्या मैत्रिणीची, एमिलीची आई." तुमच्या आईने दवाखान्यात उभं राहून चार वेळा तालीम केली, आणि बाबा एमिलीचा बाप झाला होता. "आमच्याकडे कुत्रा आहे, तो चावतो," असं तो उगाच मध्ये म्हणाला. आई फस्सकन हसली. अबोला तिथे संपला.

पहिला फोन मात्र मीच केला, आपल्या शेजारच्या घरी. मी फार विचार करून वाक्य तयार केलं होतं: "मे आय एन्क्वायर व्हेअर युअर फायरआर्म्स आर केप्ट?" पलीकडच्या बाईने ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, आमच्याकडे एकच आहे, नवऱ्याच्या शिकारीची, तिजोरीत असते, बरं झालं विचारलंत, आणि तुमची? मी सांगितलं, "लॉक्ड. अनलोडेड. सिन्स मंडे."

त्या वर्षी मी परत निघाले तेव्हा बाबाने मला त्या कुलपाची एक किल्ली दिली. "तुझ्याकडे ठेव. पुण्यात." दुसरी आईच्या पर्समध्ये. बाबाकडे एकही नाही. हे त्यानेच ठरवलं होतं. नील चालायला लागला त्या वर्षी डेलना बरोबर घेऊन तो दुकानात गेला आणि बंदूक परत देऊन आला. मला फोनवर फक्त म्हणाला, "आई, ती किल्ली टाकून दे आता." मी टाकलेली नाही. शिवणाच्या डब्यात आहे. कुठल्याच कुलपाला लागत नाही, म्हणून मला ती आवडते.

डॉक्टरांना मी शेवटचं पाहिलं ते २००८ साली. माझी ती शेवटचीच फेरी. पुढे गुडघ्यांनी एवढा प्रवास झेपेनासा झाला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांचा निरोप घ्यायला गेले. दवाखाना वाढला होता, शेजारचं नखांचं दुकानही त्यांनीच घेतलं होतं. बाहेर सात-आठ माणसं बसली होती, आणि मांडीवर ते कागद. काही इंग्रजी, काही स्पॅनिश, दोन माझ्या अक्षरातले. एक आजोबा चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्याजवळ नेऊन वाचत होते. मला वाटलं, आपण कधी पुस्तक छापलं नाही, पण हे काही वाईट नाही.

डॉक्टर आतूनच ओरडल्या, "मावशी, पाच मिनिटं! एक नवं पोट्टं आहे!"

तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी ऐकायला उभी राहिले नव्हते, पण बाहेर बसायला जागा नव्हती. आत खुर्चीवर एक तरुण बाप होता, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ. मराठी जोडपं. आई उभी राहून बाळाची टोपी नीट करत होती. डॉक्टर त्याच बुटक्या स्टुलावर. केस सगळे पांढरे झाले होते, आणि कोटाचा उजवा खिसा कांद्याने फुगलेला. स्टेथोस्कोप तळहातावर घासत, बाळाकडे बघत, त्या विचारत होत्या. धुराची घंटा. गाडीतली सीट. विंचू.

"आणि गोळ्या कुठे ठेवता?"

"फ्रिजवर," आई म्हणाली.

बाप गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करू लागला. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप तळहातावर गोल गोल फिरत राहिला. त्यांना घाई नव्हती. बाहेर सात माणसं थांबली होती तरी नव्हती.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "कुठल्या?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. दारात मी दिसले असणार, पण त्यांनी ओळख दाखवली नाही. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाने त्यांनी दार हलकेच लोटलं. ते लागता लागता मला एवढंच ऐकू आलं,

"दोन्ही सांग नं बाप्पा. मले वेळ आहे."